संधिवाताच्या निदानानंतर पुन्हा स्कीइंग: शक्यता, मर्यादा आणि तयारी

स्कीइंग हा खेळ गुडघे, घोटे, मनगटे आणि हाताच्या बोटांवर सर्वाधिक भार टाकणारा आहे. ज्याला सर्वसाधारण बोलण्यात संधिवात म्हटले जाते, त्यातील रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा विकार नेमक्या याच सांध्यांवर प्रथम हल्ला करतो. त्यामुळे निदान होताच अनेक हौशी स्कीपटू आपले साहित्य कायमचे गुंडाळून ठेवतात. एका पिढीपूर्वी डॉक्टरही त्यांना हाच सल्ला देत असत. आज परिस्थिती बदलली आहे. आजार लवकर ओळखला गेला, योग्य औषधांनी आटोक्यात आला आणि शरीर पूर्वतयारीने सिद्ध झाले, तर बर्फावर परतणे अनेकांना शक्य होते. मात्र हे परतणे पूर्वीच्याच वेगाने आणि पूर्वीच्याच उतारांवर होईल, असे गृहीत धरता येत नाही.

नावातील गोंधळ

मराठीत 'संधिवात' हा शब्द सांध्यांच्या जवळजवळ प्रत्येक दुखण्याला लावला जातो आणि त्यातून मोठा गोंधळ होतो. उतारवयात गुडघ्याची कूर्चा झिजल्यामुळे होणारे दुखणे वेगळे आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस वेगळा. पहिल्या प्रकारात सांध्याच्या झिजेचा भाग मोठा असतो. दुसऱ्या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तराला परके समजून त्यावर चाल करते. अस्तर सुजते, जाड होते आणि उपचार न झाल्यास शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागते. आयुर्वेदातील 'आमवात' हे नाव अनेक वैद्य याच विकारासाठी वापरतात. 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' ही संज्ञा ब्रिटिश वैद्य आल्फ्रेड बॅरिंग गॅरॉड यांनी १८५९ मध्ये रूढ केली.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि तो केवळ वृद्धांचा आजार नाही. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे माणूस कामात आणि छंदात सर्वाधिक रमलेला असतो त्या वयात तो अनेकदा सुरू होतो. भारतातील त्याच्या प्रमाणाविषयीची महत्त्वाची माहिती महाराष्ट्रातूनच मिळाली आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून भिगवण या गावी घरोघरी सर्वेक्षण झाले. तेथे प्रौढ लोकसंख्येतील सुमारे अर्धा टक्का लोकांमध्ये हा विकार आढळला. टक्केवारी लहान दिसते; देशाच्या लोकसंख्येचा विचार करता ही संख्या लाखांच्या घरात जाते.

सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा सांध्यांचा ताठरपणा, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सारखीच सूज आणि कारणाविना येणारा थकवा ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. स्कीपटूला ती काही वेळा आधी पायांत जाणवतात. चवड्याखालील सांधे सुजल्याने एरवी सैल होणारे बूट अचानक चावू लागतात आणि दोष बुटांना दिला जातो.

अंथरुणातून व्यायामशाळेकडे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रुग्णांसाठी विश्रांती हाच मुख्य उपचार होता. सुजलेले सांधे फळ्या बांधून स्थिर ठेवले जात आणि रुग्णांना आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवले जाई. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोनचा वापर केला आणि खिळून पडलेले रुग्ण काही दिवसांत चालू लागले. त्यासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइशश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइडच्या दीर्घकालीन वापराची किंमत मात्र लवकरच लक्षात आली. हाडे ठिसूळ होणे ही त्यांतील एक, आणि पडण्याची शक्यता गृहीत धरून खेळल्या जाणाऱ्या खेळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची.

खरा पालट मेथोट्रेक्सेटने घडवला. कर्करोगासाठी तयार झालेल्या या औषधाला अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदा घेण्यासाठी, अमेरिकेत या विकाराकरिता १९८८ मध्ये मान्यता मिळाली आणि आजही उपचाराची सुरुवात बहुधा त्यानेच होते. १९९८ मध्ये एटानरसेप्ट हे या आजारावरील पहिले जैविक औषध अमेरिकेत मान्य झाले. इन्फ्लिक्सिमॅब आणि अॅडॅलिम्युमॅब ही औषधे त्यानंतर आली. तोंडावाटे घेण्याच्या टोफासिटिनिबला २०१२ मध्ये मान्यता मिळाली; पुढे हृदयविकार, रक्तातील गुठळ्या आणि कर्करोग यांच्या जोखमीमुळे त्यावर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा घातला. भारतीय रुग्णांच्या दृष्टीने २०१४ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या अखेरीस अॅडॅलिम्युमॅबची जगातील पहिली समरूप आवृत्ती एका भारतीय कंपनीने बाजारात आणली आणि किंमत उतरण्यास सुरुवात झाली. तरीही जैविक औषधांचा खर्च सामान्य कुटुंबाला आजही पेलवत नाही, तर मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे. परदेशी स्कीपटूंच्या यशकथा वाचताना हा फरक विसरता कामा नये.

औषधांबरोबर व्यायामाविषयीचे मतही बदलले. नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. यातील एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, सायकल, स्नायूंचे व्यायाम आणि चक्क मैदानी खेळ असा जोरकस कार्यक्रम पार पाडला. दुसऱ्या गटाला नेहमीचा उपचार मिळाला. व्यायाम करणाऱ्यांची हालचालींची क्षमता सुधारली, मनःस्वास्थ्य सुधारले आणि आजार बळावला नाही. मोठ्या सांध्यांची झीजही सर्वसाधारणपणे वाढली नाही. मात्र ज्यांचे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्यात नुकसान काहीसे अधिक दिसले. स्कीइंगकडे परतू पाहणाऱ्या प्रत्येकाने या प्रयोगातील पहिला निष्कर्ष आनंदाने वाचावा आणि दुसरा दोनदा वाचावा. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नियमित व्यायामाची ठाम शिफारस केली आहे.

बर्फावरील एक उदाहरण

या विकारासह बर्फावर परतण्याचे सर्वांत ठळक उदाहरण स्कीवरचे नसून स्नोबोर्डवरचे आहे. कॅनडाची स्पेन्सर ओब्रायन ही २०१३ ची स्लोपस्टाइल प्रकारातील जगज्जेती. त्याच वर्षाच्या अखेरीस, सोची येथील हिवाळी ऑलिंपिक अगदी तोंडावर आले असताना, तिला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे निदान झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती सोचीला उतरली आणि अंतिम फेरीत बाराव्या क्रमांकावर राहिली. तिच्याकडून पदकाची अपेक्षा बाळगणाऱ्या प्रेक्षकांना आजाराची काहीच कल्पना नव्हती. पुढे उपचार स्थिरावले आणि जानेवारी २०१६ मध्ये अॅस्पेन येथील एक्स गेम्समध्ये तिने सुवर्णपदक पटकावले. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्येही ती खेळली.

टेनिसपटू कॅरोलिन वॉझ्नियाकीची कथाही याच वळणाची आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकल्यानंतर त्याच वर्षी तिला हे निदान झाले. २०२० मध्ये ती निवृत्त झाली, दोन मुलांची आई झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा कोर्टवर उतरली.

या दोघींच्या मागे तज्ज्ञांचा ताफा होता आणि खेळ हाच त्यांचा व्यवसाय होता. वर्षातून आठवडाभर गुलमर्गला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. त्याने त्यांच्याकडून घ्यावे ते एवढेच की, निदानानंतरचा पहिला हंगाम हा निकाल नसतो. सोचीतील बारावा क्रमांक आणि अॅस्पेनमधील सुवर्ण यांच्यामध्ये दोन वर्षांचे उपचार आहेत.

परतण्याआधीच्या तपासण्या

पहिली अट म्हणजे आजार शांत असणे. सांधे सुजलेले, गरम असताना उतारावर जाणे हा हट्ट आहे. औषध बदलले असेल तर त्याचा परिणाम दिसण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. त्यामुळे जानेवारीतील सहलीचा विचार आदल्या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवा.

दुसरी बाब मानेची आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दीर्घकाळ चाललेल्या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील अस्थिबंध सैल पडू शकतात. एरवी त्रास न देणारी ही सैलता जोरात पडल्यावर मज्जारज्जूला इजा करू शकते. मान पुढे व मागे वाकवून काढलेल्या साध्या क्ष-किरण चित्रांतून ती बहुधा समजते. आजार जुना असेल, मानेत वरच्या बाजूला किंवा डोक्याच्या मागे दुखत असेल, हातांना मुंग्या येत असतील, तर ही तपासणी झाल्याशिवाय स्की बांधू नये. सैलता मोठी निघाली तर वेगाने उतरण्याचे स्कीइंग सोडून देणे हाच सुज्ञपणा ठरतो.

तिसरी तपासणी हाडांच्या घनतेची. अनेक महिने स्टेरॉइड घेतलेल्यांनी आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी ती टाळू नये. चौथी बाब फुप्फुसांची. हा विकार सांध्यांपुरता मर्यादित नसतो. काहींच्या फुप्फुसांत व्रण तयार होतात, काहींना रक्तक्षय असतो. समुद्रसपाटीला हे जाणवत नाही, तीन हजार मीटरवर मात्र जाणवते. जिना चढताना धाप लागत असेल किंवा कोरडा खोकला टिकून असेल, तर उंचीवर जाण्यापूर्वी छातीची तपासणी आवश्यक आहे.

यानंतर येते स्नायूंची तयारी. उतारावर गुडघे वाकवून वेग रोखताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच काम करतात. हे काम चालण्याने तयार होत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि, त्याहून महत्त्वाचे, सावकाश बसणे. भिंतीला पाठ लावून गुडघे अर्धे वाकवून थांबणे. जिना उतरण्याचा सराव. एका पायावर तोल साधणे आणि पोट व पाठीचे व्यायाम असा तीन-चार महिन्यांचा क्रम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आखता येतो. गुडघा सुजलेला असेल त्या दिवशी तो वाकवण्याचे प्रमाण कमी करावे लागते. व्यायामाची मात्रा ओळखण्याची एक सोपी खूण फिजिओथेरपिस्ट सांगतात. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांहून अधिक टिकले, तर पुढच्या वेळी मात्रा कमी करायची. व्यायाम बंद करायचा नाही.

ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेने बदललेला आहे त्यांच्यासाठी ऑस्ट्रियातील साल्झबर्ग येथील संशोधकांचे काम उपयोगी आहे. कृत्रिम गुडघा असलेल्या आणि पूर्वी स्कीइंग केलेल्या व्यक्तींना त्यांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सौम्य उतारांवर १२ आठवडे स्कीइंग करू दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्नायूंची ताकद वाढली आणि कृत्रिम सांध्याला अपाय झाल्याचे दिसले नाही. सहभागी थोडे होते, सर्व अनुभवी होते आणि अभ्यास रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांपुरता नव्हता. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच स्कीइंग शिकू पाहणाऱ्याला त्यातून परवाना मिळत नाही.

साहित्य

संधिवाताच्या रुग्णाचे स्कीइंग बहुधा बुटांवरून अडते. स्कीचा बूट टणक प्लास्टिकचा असतो. तो घालताना घोटा वाकवावा लागतो, बोटांनी कळी ओढावी लागते आणि चवड्याच्या सांध्यांना आत हलायला जागा नसते. थंड खोलीत ठेवलेले प्लास्टिक आणखी आखडते. म्हणून बूट रात्री गरम खोलीत ठेवावेत. एवढ्या एका गोष्टीने सकाळचा निम्मा त्रास वाचतो. चवडा रुंद असलेला बूट निवडावा, पायाच्या आकाराचा तळ आत बसवून घ्यावा आणि उताराच्या शेवटी प्रत्येक वेळी कळी सैल कराव्यात. बोटांची पकड कमी असेल तर कळी उघडण्यासाठी लहान तरफ किंवा काठीची मूठ वापरता येते. भाड्याच्या दुकानात घाईने मिळेल तो बूट घालणे इतरांना चालून जाते, या रुग्णांना नाही. शक्य असल्यास बूट स्वतःचे असावेत आणि स्की भाड्याने घ्यावी.

बूट आणि स्की यांना जोडणारे बाइंडिंग पडताना सुटावे, अशी त्याची रचना असते. ते किती जोर आल्यावर सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि खेळण्याची पद्धत पाहून ठरवले जाते. सावधपणे खेळणाऱ्यासाठी हा जोर कमी ठेवतात. दुकानदाराला 'पूर्वी अनुभव आहे' एवढेच सांगितले, तर तो जुन्या धिटाईनुसार आकडा लावण्याची शक्यता असते. त्याऐवजी सावध खेळणार असल्याचे स्पष्ट सांगावे. भाड्याचे बूट बदलले, तर बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

स्की थोडी आखूड आणि वळायला सोपी असावी. काठ्यांच्या मुठीवर स्पंज गुंडाळून ती जाड केली, तर बोटांना घट्ट आवळावे लागत नाही. काठीचा पट्टा मनगटात अडकवू नये. पडताना काठी हातात राहिली, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटतो. ही दुखापत स्कीपटूंमध्ये इतकी नित्याची आहे की, तिला 'स्कीपटूचा अंगठा' असेच नाव पडले आहे. ज्या अंगठ्याचा सांधा आधीच आजाराने सैल झाला आहे, त्याला ती परवडणारी नाही. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सर्व बोटे एकत्र राहणारे मोजे अधिक उबदार असतात. हेल्मेट सर्वांनाच आवश्यक आहे.

उतारावर

पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार स्कीइंगच्या दर हजार दिवसांमागे साधारण दोन ते तीन दुखापती होतात आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. म्हणजे खेळ समजला जातो तितका घातक नाही. पण दुखापत झाली तर ती बहुधा याच रुग्णांच्या नाजूक जागी होते.

या आजारात सकाळ अवघड असते. पहाटे शरीरातील दाह वाढवणाऱ्या द्रव्यांचे प्रमाण चढलेले असते आणि सांधे ताठ असतात. नेमक्या त्याच वेळी रात्रभर गोठलेला उतारही टणक आणि निसरडा असतो. त्यामुळे पहिल्या पाळण्याने वर जाण्याची घाई सोडून दहा-साडेदहानंतर सुरुवात करणे दोन्ही अंगांनी सोयीचे ठरते. त्याआधी कोमट पाण्याची अंघोळ आणि पंधरा-वीस मिनिटे सांधे मोकळे करण्याचे व्यायाम करून घ्यावेत. दुपारी थकवा येतो आणि थकलेल्या मांड्या गुडघ्याला सांभाळू शकत नाहीत. 'शेवटची एक फेरी' हा मोह टाळलेला बरा. पहिल्या दिवशी दोन तास पुरेत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती घ्यावी. सहा दिवसांच्या सहलीत चार दिवस स्कीइंग झाले, तर ती सहल यशस्वी समजावी.

उताराची निवडही बदलावी लागते. साफ केलेला, सौम्य, रुंद उतार सर्वांत चांगला. उंचवट्यांचा उतार गुडघ्यांना प्रत्येक वळणावर धक्का देतो. खोल भुसभुशीत बर्फ पडण्यास मऊ असला, तरी त्यात स्की अडकली की पाय पिळवटतो. वर नेणाऱ्या साधनांमध्ये बंद पाळणा किंवा खुर्ची सोयीची असते. दांडा धरून ओढत नेणारी लिफ्ट खांदे व बोटांना त्रास देते. वेगाच्या स्कीइंगला पर्याय म्हणून सपाटीवरून सरकत जाण्याचे क्रॉस-कंट्री स्कीइंगही विचारात घेण्याजोगे आहे. त्यात धक्के कमी असतात, बूट मऊ असतात आणि पडण्याचा वेगही कमी असतो.

पडल्यावर उठणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते पहिल्याच दिवशी सपाटीवर घोटून घ्यावे. उघड्या तळहातावर भार देऊन उठल्यास सुजलेले मनगट मागे वाकते. त्याऐवजी दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीराच्या खालच्या बाजूला आणाव्यात आणि मूठ किंवा कोपरापासूनचा हात टेकून उठावे. जमत नसेल तर वरच्या बाजूची स्की काढून उठणे यात कमीपणा नाही. सोबत्याला आजाराची कल्पना असलेली बरी. साहित्य खांद्यावरून वाहून नेण्याचे काम गुलमर्गसारख्या ठिकाणी स्थानिक मदतनीस करतात. ती मदत घ्यावी. बोटांची ताकद उतारासाठी राखून ठेवावी.

औषधे, थंडी आणि उंची

थंडीने सांधे अधिक आखडतात आणि दुखतात, असा बहुसंख्य रुग्णांचा अनुभव आहे. हवामान आणि या आजाराचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत, आणि थंडीमुळे सांध्याचे नुकसान वाढते असे सिद्ध झालेले नाही. वेगळी काळजी घ्यावी लागते ती थंडीत ज्यांची बोटे पांढरी व नंतर निळी पडतात त्यांनी. या रुग्णांमध्ये हा त्रास बऱ्यापैकी आढळतो. त्यांना हिमदंशाचा धोका अधिक असतो. काश्मिरी पद्धतीने फेरनच्या आत कांगडी धरून ऊब घेणे मोहक वाटते. पण बधिर बोटांना निखाऱ्याची आच कळत नाही आणि भाजल्याचे लक्षात येईपर्यंत उशीर होतो. हात काखेत किंवा कोमट पाण्यात गरम करावेत.

जैविक औषधांची इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवायची असतात. उष्णतेपासून त्यांना जपण्याची सवय मैदानी प्रदेशातील रुग्णांना असते. बर्फाच्या प्रदेशात धोका उलटा असतो. गोठलेले इंजेक्शन पुन्हा वितळले, तरी ते वापरता येत नाही. हॉटेलच्या खिडकीच्या कठड्यावर किंवा मोटारीत रात्रभर राहिलेले औषध सकाळपर्यंत निकामी होऊ शकते. विमानात ते हाताशी असलेल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावे. शक्य असेल तर इंजेक्शनचा दिवस सहलीच्या आधी येईल, असे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मेथोट्रेक्सेट घेतल्यानंतरचा दिवस अनेकांना मळमळ आणि ग्लानीचा जातो. तो विश्रांतीचा दिवस ठरवला की प्रश्न मिटतो. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. प्रवासाच्या गडबडीत ते चुकून रोज घेतले गेल्याने जिवावर बेतल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. ते सुरू असताना मद्यही टाळावे.

वेदनाशामक गोळी घेऊन उतारावर जाण्याची पद्धत सर्रास आहे. ती घातक एवढ्यासाठी की, थांबण्याची सूचना देणारे दुखणेच तिने दाबले जाते. शिवाय उंचीवर पाणी कमी पिण्याची सवय जडते आणि मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. स्टेरॉइड नियमित घेणाऱ्यांनी ते एकाएकी बंद करू नये आणि दोन-चार दिवसांचा जादा साठा जवळ ठेवावा, कारण हिमवर्षावात रस्ते बंद होतात. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींविषयी आधीच विचारावे. ताप आल्यास आठवड्याचे मेथोट्रेक्सेट किंवा जैविक औषधाची पुढची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उंचीवर लागणारी धाप विश्रांतीनंतरही कमी होत नसेल, तर ती केवळ विरळ हवेची आहे असे गृहीत न धरता खाली उतरावे.

भारतातील ठिकाणे

देशात स्कीइंगसाठी गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि मनालीजवळील सोलांग ही प्रमुख ठिकाणे आहेत. भारताचा हिवाळी ऑलिंपिकमधील पहिला खेळाडू जेरेमी बुजाकोव्स्की १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे स्कीइंगमध्येच उतरला होता आणि गुलमर्गच्या परिसरातील आरिफ खानने २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिक गाठले.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. गंडोला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवाटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरवर पोहोचवतो. तेथील उतार साफ केलेले नसतात, तीव्र असतात आणि हिमस्खलनप्रवण आहेत. संधिवातातून परतणाऱ्याने दुसऱ्या टप्प्याने वर जाऊन देखावा पाहावा आणि पाळण्यानेच खाली यावे. खालच्या मैदानातील सौम्य उतार त्याच्यासाठी योग्य आहेत. मुंबईच्या उकाड्यातून विमानाने श्रीनगर आणि तेथून त्याच दिवशी गुलमर्ग असा प्रवास केल्यास पहिला पूर्ण दिवस उंचीशी जुळवून घेण्यात घालवणे श्रेयस्कर. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था येथेच आहे. संस्थांचे नियमित वर्ग ठरावीक गतीने चालतात. परतणाऱ्या रुग्णाला स्वतःच्या गतीने शिकवणारा स्वतंत्र प्रशिक्षक अधिक उपयोगी पडतो.

औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान आहेत. तेथे जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धा झाल्या. जोशीमठहून औलीला नेणारा रज्जुमार्ग जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर बंद करण्यात आला. त्यामुळे निघण्यापूर्वी प्रवासाची चौकशी करावी. घाटातील लांब मोटारप्रवास ताठर सांध्यांना स्कीइंगहूनही जड जातो.

बर्फाचाही भरवसा पूर्वीसारखा राहिलेला नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बरेच दिवस कोरडे होते आणि बर्फ पडला तो महिन्याच्या अगदी अखेरीस. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा या दृष्टीने अधिक खात्रीचा असतो. या रुग्णांना त्याचा आणखी एक लाभ मिळतो. तोपर्यंत कडाक्याच्या थंडीचा चिल्लई कलान हा चाळीस दिवसांचा काळ सरलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि सकाळी उशिरा उतारावर आले, तरी दोन तासांचे ऊन हाती लागते.